एकोणिसाव्या जातीची माणसे

महादेव मोरे यांच्या ‘एकोणिसावी जात’ या पुस्तकाचे नावच आम्हांस एखाद्या टीकालेखासारखे वाटत आले आहे. अठरापगड जातींची मोजदाद आपल्या समाजाने केव्हाच पुरी केली होती. तीत मोटार चालविणाऱ्यास जागा नव्हती. तेव्हा त्याची एक निराळी जात कल्पिली गेली आणि जातीबरोबर येणारे सारे शेरेही त्यास चिकटले. ड्रायव्हर म्हणजे दारू, ड्रायव्हर म्हणजे बाहेरख्याली, ड्रायव्हर म्हणजे आज येथे तर उद्या भलतीकडे. माणूस स्टिअरिंगवर बसण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. मोरे यांनी या निकालावर अपील केले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. मात्र ते अपील त्यांनी वकिलासारखे केले नाही.

२०२४ साली मोरे गेले. त्यांच्याविषयी बोलताना ‘निपाणीत पिठाची गिरणी चालविणारे लेखक’ असा उल्लेख हमखास होतो आणि त्यात कौतुकापेक्षा अचंबाच अधिक असतो. जणू गिरणी आणि साहित्य यांचे हाडवैर आहे. आमच्या मते त्यांच्या लेखनाची किल्ली त्या गिरणीतच आहे. दळण घेऊन येणारा माणूस रांगेत थांबतो. थांबलेला माणूस बोलतो. सून सासूविषयी बोलते, हमाल मुकादमाविषयी बोलतो, कोणी उधारी कबूल करतो. ऐकणाऱ्याच्या हाती काम असल्यामुळे त्यास मधे तोंड घालून उपदेश करण्यास सवड नसते. उमेदीच्या काळात मोटारींच्या धंद्यात वावरलेल्या या लेखकापाशी ऐकण्याची ही सवय होती, म्हणून त्यांच्या ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बाया आणि जोगतिणी यांची ओळख त्यांच्या दुर्गुणांपासून सुरू होत नाही. आधी त्यांचे काम येते. मग कामाने अंगावर उठविलेल्या खुणा येतात. दोष दिसतो तो त्यानंतर, आणि तोवर वाचकास त्या माणसाचा पुष्कळ सहवास घडलेला असतो.

येथे चेकॉव्हची आठवण होणे स्वाभाविक आहे. लेखकाने आपल्या पात्रांचा न्यायाधीश होऊ नये, निःपक्षपाती साक्षीदार व्हावे, अशा आशयाचे त्याने १८८८ सालच्या एका पत्रात लिहिले होते. तो डॉक्टर होता. रोग्याची हकीगत पुरती ऐकल्याशिवाय निदान करू नये हे त्याच्या पेशातच होते. मोरे यांच्याकडे हे शिक्षण गॅरेजमधून आले असावे. इंजिन उघडून पाहिल्याशिवाय बिघाड कशात आहे हे कोणताही जाणता मिस्त्री सांगत नाही.

परंतु या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पिणाऱ्या ड्रायव्हरला समजून घ्यावे, हे ठीक. पण त्याच्या घरी जी मार खाते तिचे काय? करुणेचा सारा ओघ पुरुषाच्या थकव्याकडे वळला तर दुसऱ्या एका माणसावर नकळत निकाल दिला जातो. सीमाभागातील ग्रामीण लेखनात हा धोका आम्हांस अनेकदा जाणवला आहे आणि मोरे त्यातून सर्वस्वी सुटले आहेत असा आमचा दावा नाही. त्यांनी उदंड लिहिले. काही पाने पातळ उतरली. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली एक माहितीपट काढला, त्यात त्या स्त्रिया स्वतःच बोलतात. आदल्याच वर्षी, एप्रिल १९८१ मध्ये, याच गावी तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे मेली होती. त्या शेतकऱ्यांची दखल देशाने घेतली. वखारीत दिवसभर धूळ गिळणाऱ्या बाईचे म्हणणे ऐकण्यास मात्र कॅमेरा घेऊन कोणास मुद्दाम यावे लागले. मोरे यांचे लेखन या माहितीपटाशेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवू. एकाची उणीव दुसरे भरून काढते.

जोगतिणीचा प्रश्न याहून नाजूक, कारण तो थेट आपल्या उंबऱ्याशी येतो. बोरगावपासून निपाणीपर्यंतच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी कोणाच्या पेटीत वतनाचे कागद असतील, कोणाच्या नसतील. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन दारी आलेल्या जोगतिणीस जोगवा घालण्याची चाल बहुतेकांस ठाऊक आहे. सौंदत्तीची यल्लम्मा तिच्या परडीत असते, म्हणून सुपातले पसाभर धान्य आदराने पडते. तीच बाई परडीवाचून आली असती तर? देवीला नमस्कार आणि देवीच्या बाईला नाव ठेवणे, ही दोन्ही कामे जुन्या वाड्यांतून एकाच सोप्यावर बसून होत आली. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी वाहण्यास कायद्याने बंदी केली आणि ते योग्यच झाले. कायद्याने गुन्हा ठरविला तो वाहण्याचा. वाहिली गेलेली मुलगी मात्र गावाच्या तोंडी जन्मभर आरोपीच राहिली.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचे मोल आम्ही या संदर्भात मोठे मानतो. या कादंबऱ्यांचा राग रूढीवर आहे आणि तो तीव्र आहे. पण त्या रागाची ठिणगी जोगतीण वा जोगत्या यांच्यावर उडत नाही. केसांत जट आली एवढ्या कारणाने मुलगी देवाची ठरते, हे वाचताना आपण आईबापांवर संतापतो. मग ध्यानात येते की भीतीने अर्धमेल्या झालेल्या त्या आईबापांसही गावानेच कोपऱ्यात रेटले आहे. चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेसह या कादंबऱ्यांच्या आधारे निघालेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली सर्वत्र पाहिला गेला, त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. लुगडे नेसावे लागलेला पुरुष पडद्यावर येताच हसण्याची आपल्याकडे सवय. या चित्रपटात ते हसू घशातच अडकते.

मोरे आणि गवस यांच्यावर ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारून त्यांना एका कप्प्यात ठेवण्याची घाई दूरच्या समीक्षेने केली, हीही एक निकाल देण्याचीच तऱ्हा होय. बोलीचे कारण पुढे केले जाते. कानडी शब्द मधेच डोकावणारी ती मराठी दूरच्या वाचकास अडखळविते, हे आम्ही मान्य करतो. बोरगावच्या वाचकास ती सबब नाही. तीच भाषा आपण एस.टी.च्या थांब्यावर ऐकतो, दळपाच्या रांगेत ऐकतो, शेतावरच्या गड्याशी बोलतो. ज्यांनी मोरे अद्याप वाचलेले नाहीत त्यांनी प्रारंभ ‘एकोणिसावी जात’पासून करावा आणि ‘चौंडकं’ लगेच त्यापाठोपाठ हाती घ्यावे. मधे फार दिवस जाऊ देऊ नयेत.