नागवल्लीची बोली

एकच कथा अनेक भाषांत पाहिलेला प्रेक्षक शोधावयाचा झाल्यास त्यासाठीं सोलापूर सोडून लांब जाण्याचें कारण पडत नाहीं. विणकरांच्या तेलुगू घरांत ती 'चंद्रमुखी' या नांवानें परिचित आहे. अक्कलकोटकडील कन्नड आप्तमंडळी तिला 'आप्तमित्र' म्हणतात. आणि मराठी व उर्दू बोलणारें उरलेलें गांव तिला 'भूलभुलैया' म्हणून ओळखतें. या साऱ्या प्रवाहांचा उगम मात्र निराळ्याच भाषेंत आहे. मधु मुट्टम यांनीं लिहिलेला व फाझिल यांनीं दिग्दर्शित केलेला 'मणिचित्रत्ताळ' हा मल्याळी चित्रपट १९९३ सालीं निघाला. त्यांतील नायिकेच्या भूमिकेबद्दल शोभना यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आणि पुढें २००४ सालीं कन्नड, २००५ सालीं तमिळ व २००७ सालीं हिंदी अशीं त्याचीं रूपांतरें झालीं. मनोविकारावरील एखादी कथा इतक्या घरांत शिरल्याचें दुसरें उदाहरण आमच्या तरी आठवणींत नाहीं. म्हणूनच तिनें त्या विकाराविषयीं लोकांस काय शिकविलें आणि काय भलतेंच शिकविलें, याचा विचार होणें अगत्याचें वाटतें.

कथानक वाचकांस बहुधा ठाऊक असेल. नवपरिणीत जोडपें जुन्या वाड्यांत राहावयास येतें. तेथील एक दालन पिढ्यान्‌पिढ्या बंद आहे. कारण पूर्वींच्या धन्यानें एका नर्तकीच्या प्रेमाचा शेवट रक्तपातानें केला, अशी आख्यायिका. सून तें दालन उघडविते. मग रात्रीं घुंगरांचा आवाज, नाना अपघात, घरांतील एका निरपराध मुलीवर संशय. आणि अखेर नवऱ्याचा मित्र असलेला मनोविकारतज्ज्ञ सांगतो कीं, ती नर्तकी दुसरी कोणी नसून सूनबाईच आहे. एका रूपांत असतां तिला दुसऱ्या रूपाची वार्ता नसते. वैद्यकांत यास पूर्वीं 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत. १९९४ सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं तें नांव टाकून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' हें नांव घेतलें. या बदलांतच विकाराचें मर्म आहे. एका देहांत पुष्कळ माणसें राहावयास आलीं, असें नव्हे. एकच माणूस एकसंध होऊं शकला नाहीं, असें तें दुखणें आहे. आपण त्यास व्यक्तित्वविघटन म्हणूं.

रूपांतरकारांनीं या कथेंत पुष्कळ फेरफार केले. वाडा बदलला, विनोद बदलला, नर्तकीचें नांवही बदललें. एक गोष्ट मात्र कोणींही बदलली नाहीं. ही जी 'दुसरी' आहे ती परक्या भाषेंत बोलली पाहिजे. मल्याळी नायिका नागवल्ली झाली कीं तमिळ बोलते. कन्नड व तमिळ नायिकांच्या तोंडीं तेलुगू येतें. हिंदी नायिका मंजुलिका होऊन बंगाली बोलते. हा केवळ चमत्कृतीचा भाग आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. जें मन 'हें माझें नव्हे' म्हणून बाजूस सारतें, तें परत येतांना परक्याच्याच वेषांत येणार. आणि वेषांत सर्वांत खोल वेष भाषेचा. मधु मुट्टम यांस हें ज्ञानानें सुचलें कीं प्रतिभेनें, हा प्रश्न गौण आहे. सुचलें तें खरें आहे. आतां यांतील सोलापुरी गंमत अशी कीं, कन्नड चित्रपटांतील त्या भुताची भाषा ही येथील हजारों घरांत आजीची भाषा आहे. जी तेलुगू बेंगळुरूच्या प्रेक्षकाच्या अंगावर कांटा आणते, तींत येथें जेवावयास हांक मारतात. परकेपणा हा भाषेंत नसून ऐकणाराच्या कानांत असतो, हें या गांवाइतकें लवकर कोणास कळावें?

या कल्पनेस महाराष्ट्रांतच एक चमत्कारिक दाखला आहे. १९७४ सालापासून नागपूरची एक सुशिक्षित, अविवाहित, मराठी स्त्री मधून मधून 'शारदा' होऊं लागली. शारदा बंगाली बोले, बंगाली सौभाग्यवतीप्रमाणें वेष करी, स्वतःस गत काळांतील समजे आणि घरच्या मराठी माणसांस ओळखीत नसे. अमेरिकेंतील इयान स्टीव्हन्सन व भारतांतील सतवंत पसरिचा यांनीं आणि पुढें पुण्याच्या वि. वि. अकोलकर यांनीं या प्रकरणाचा दीर्घ अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांचा कल पुनर्जन्माकडे होता. परंतु त्या बाईंस बंगालीची थोडी तोंडओळख पूर्वींपासून होती, हेंही अभ्यासकांच्याच वृत्तांतांत नमूद आहे. आणि मामा वरेरकरांनीं शरच्चंद्र मराठींत आणल्यापासून बंगाली कुलवधू ही मराठी मध्यमवर्गीय मनाच्या किती निकट राहत आली, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको. पुनर्जन्माचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस लक्षणीय वाटतें तें इतकेंच कीं, मंजुलिकेच्या तेहेतीस वर्षें आधीं एका खऱ्या मराठी घरांत 'दुसरी' बंगालींत बोलली होती.

आतां कलेचा विचार. साऱ्या चित्रपटांत श्रेष्ठ प्रसंग कोणता, असें विचारल्यास बहुतेक जण शेवटचें नृत्य सांगतील. आमचें मत निराळें आहे. वैद्याच्या सूचनेवरून नवरा बायकोस बाहेर जाण्यास एकाएकीं मनाई करतो, तो प्रसंग आमच्या मतें साऱ्या कथेचा प्राण होय. अंगावर रोजची साडी, समोर नवरा, विषय क्षुल्लक. 'जाऊं नकोस' एवढेंच तो म्हणतो. आणि त्या नकारासरशी तिची नजर फिरते, आवाज जड होतो, शब्द परके होतात, आणि ती एका हातानें पलंग उचलते. नवऱ्यानें पुन्हा तिचें नांव घेऊन हांक मारली कीं ती भानावर येते, आणि काय झालें हें तिला ठाऊक नसतें. शोभना यांनीं हें जसें केलें आहे त्यास तोड नाहीं. विद्या बालन यांचाही प्रयत्न प्रामाणिक आहे. विकाराचें सत्य येथें आहे. रूपांतर अमावास्या पाहून होत नाहीं. तें मनास जेथें असह्य होतें तेथें होतें, आणि असह्य वाटणारी गोष्ट पाहणाराच्या दृष्टीनें पुष्कळदां किरकोळच असते.

या प्रसंगापुढें शेवटचें नृत्य शोभिवंत, पण खोटें ठरतें. मळवट, मोकळे केस, पैंजण, आणि जुन्या धन्याच्या बाहुल्यावर तरवार चालवून सूड उगविला कीं रोगिणी बरी! वस्तुस्थिती फार निराळी आणि फार कमी नाट्यमय आहे. हा विकार असलेलीं बहुतेक माणसें तो लपवितात. मधल्या दोन तासांत काय झालें हें आठवत नाहीं. कपाटांत आपण न घेतलेली वस्तू सांपडते. अनोळखी मनुष्य ओळखीचें हंसतो. डोक्यांत आवाज येतात आणि ते कोणास सांगण्याची सोय नसते. कांहीं पाहण्यांत सर्वसाधारण लोकांत याचें प्रमाण शेंकडा एक ते दीड आढळलें आहे. मूळ बहुधा बालपणांतील वारंवार झालेल्या छळांत वा अत्याचारांत असतें, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. वैद्याच्या सूचना, चित्रपट व पुस्तकें यांनींच तो विकार पुष्कळदां घडतो, असा दुसरा पक्षही आहे. उपचार वर्षानुवर्षें चालतो. आधीं रुग्णास सुरक्षित व स्थिर करावयाचें, मग जपून आठवणींस हात घालावयाचा, आणि शेवटीं तुकडे जुळवावयाचे. शिवाय चित्रपटांत अशा रुग्णाचें भय नेहमीं दुसऱ्यास असतें. प्रत्यक्षांत, उपचारांस येणाऱ्या अशा रुग्णांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिकांनीं केव्हां तरी स्वतःचाच जीव घेण्याचा प्रयत्न केलेला असतो. हा एक आंकडा लक्षांत ठेवून 'सायको' (१९६०), 'अन्नियन' (२००५) किंवा 'स्प्लिट' (२०१६) पाहावे. तरवार कोणत्या दिशेस रोखली आहे, याची चूक तत्काळ दिसेल.

पाश्चात्त्यांकडे हा विषय अधिक गंभीरपणें हाताळला जातो, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. 'थ्री फेसेस ऑफ ईव्ह' (१९५७) मध्यें जोअन वुडवर्ड यांनीं अप्रतिम काम केलें आणि चित्रपटाच्या अखेरीस ईव्ह बरी झाली. खऱ्या रुग्ण क्रिस साइझमोर यांनीं पुढें प्रकट होऊन सांगितलें कीं, तें बरें होणें खोटें होतें आणि रूपें तीन नव्हे, वीसांहून अधिक होतीं. 'सिबिल' (१९७६) नंतर अमेरिकेंत अशा निदानांची एकच रीघ लागली, आणि त्या मूळ प्रकरणाच्या सत्यतेविषयीं आजही वाद आहे. त्या मानानें आपला सत्येन बोस यांचा 'रात और दिन' (१९६७) विनाकारण विसरला गेला. दिवसाची सोज्ज्वळ गृहिणी वरुणा रात्रीं पेगी होऊन नाचघरें गाठते. भूत नाहीं, शाप नाहीं, आहे तें दडपलेलें मन. नर्गिस यांस या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

'भूलभुलैया'वर आमचा एक आक्षेप आणखी आहे, आणि त्याचा संबंध आपल्या प्रांताशीं येतो. त्यांत आचार्यांची भूमिका विक्रम गोखले यांनीं केली आहे. हे आचार्य वैद्याशीं भांडत नाहींत, त्यास साह्य करतात. ही तडजोड कित्येकांस रुचली नाहीं. आम्हांस ती समंजस वाटते. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीनें गाणगापूरची वाट धरणारीं कुटुंबें आजही आहेत. तेथें आरतीच्या वेळीं ज्या बायका किंचाळतात, गडबडां लोळतात, आपलें नांव निराळेंच सांगतात, त्यांस हंसणारा सुशिक्षित मनुष्य एक गोष्ट विसरतो. त्या घटकाभर त्यांच्या तोंडून जें निघतें, तें घरीं कोणी ऐकून घेतलेलें नसतें. 'अंगांत येणें' व पश्चिमेकडील व्यक्तित्वविघटन हीं एकाच दुखण्याचीं दोन सांस्कृतिक रूपें असावींत, असा विचार वर्मा, बौरी व विग या भारतीय वैद्यांनीं १९८१ सालींच मांडला होता. २०१३ सालच्या अमेरिकन वर्गीकरणानें झपाटल्याचा अनुभव या विकाराच्या लक्षणांत घेतला. त्याच २०१३ सालीं महाराष्ट्रानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं होणारी मारहाण कायद्यानें गुन्हा ठरविली. तेव्हां आचार्यानें वैद्यास दार उघडून देणें यांत वावगें काय? आक्षेप आहे तो पुढचा. आचार्य व वैद्य दोघेंही त्या स्त्रीविषयीं बोलतात, तिच्यावर प्रयोग करतात. तिच्याशीं कोणी फारसें बोलत नाहीं. मूळ मल्याळी कथेंत गंगेच्या बालपणाचा वृत्तांत आहे. आईबाप दूर कलकत्त्यास, मुलगी आजीजवळ गोष्टींच्या जगांत, आणि एके दिवशीं अकस्मात तिला तेथून उपटून नेण्याची भाषा. हा वृत्तांतही आपण वैद्याच्या मुखानें ऐकतों, गंगेच्या नव्हे.

येथें 'देवराई' (२००४) आठवल्यावांचून राहत नाहीं. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटांतील शेष हा अतुल कुलकर्णी यांनीं उभा केला. हरिभाई देवकरण प्रशालेंत शिकलेला आणि 'नाट्य आराधना'त घडलेला हा नट सोलापूरकर आपला मानतात, तें योग्यच आहे. परंतु शेषचा आजार निराळा. तो स्किझोफ्रेनिया, अर्थात्‌ छिन्नमनस्कता. 'दुभंगलेलें व्यक्तिमत्त्व' हा शब्द मराठींत दोहोंसही वापरण्याची संवय पडल्यामुळें सुशिक्षित घरांतही घोटाळा होतो. एकांत विचार, संवेदना व वास्तवाचें भान यांची घडी विसकटते. दुसऱ्यांत स्मृति व 'मी'पणा यांचे कप्पे पडतात. औषधें निराळीं, उपचार निराळे. म्हणून या दोन शब्दांची गल्लत ही निव्वळ भाषेची चूक नव्हे. तिच्या पायीं रुग्णाचीं वर्षें जातात. शेषकडे पाहण्याची 'देवराई'ची रीत मात्र अनुकरणीय आहे. तेथें आपण आजारी माणसाच्या डोळ्यांनीं झाडें पाहतों. नागवल्लीच्या डोळ्यांनीं वाडा कोणीं दाखविला नाहीं.

आणि पुढें तर वाड्यांतून वैद्यच गेला. 'भूलभुलैया'चा दुसरा भाग २०२२ सालीं निघाला. त्यांत मंजुलिका हें खरोखरीचें भूत आहे, आणि वैद्याच्या जागीं भुतें दिसल्याचें सोंग करणारा एक भोंदू नायक म्हणून आला आहे. प्रेक्षकांनीं तो डोक्यावर घेतला. पहिल्या भागानें पंधरा वर्षांपूर्वीं लोकांस एवढें तरी सांगितलें होतें कीं, बंद दालनांत कोणी नाहीं.

त्या पहिल्या भागाची, आणि मूळ मल्याळी चित्रपटाचीही, अखेर पुन्हा पाहण्यासारखी आहे. सून शुद्धीवर येते. आपण काय केलें, किती रात्रीं केलें, कोणाच्या जिवावर उठलों, हें तिला ठाऊक नाहीं. घरांतील बाकी साऱ्यांस ठाऊक आहे. त्या घरांतील दुसरा दिवस कसा उजाडला असेल? नवऱ्यानें तिला काय सांगितलें असेल, किती लपविलें असेल? कथेंतील खरी कथा कदाचित्‌ तेथूनच सुरू होते. चित्रपट मात्र त्या वेळीं वैद्याच्या लग्नाची बोलणी करण्यांत गुंतलेला असतो.