भुजास्थीचा अस्थिभंग व धातूची पट्टी : एक चिकित्सा

दंडाच्या हाडाचे वरचे टोक खांद्यालगत मोडले असता धातूची पट्टी व स्क्रू यांनी ते जोडण्याची शस्त्रक्रिया अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) आता अपूर्वाईची राहिलेली नाही. लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे नगरजवळ विळद घाटातही वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. जी शस्त्रक्रिया एके काळी पुण्या-मुंबईस जाऊन करून घ्यावी लागे, ती साखर कारखान्यांच्या परिसरात होऊ लागली. परंतु शस्त्रक्रिया उपलब्ध होणे ही एक गोष्ट, आणि तिच्या फलिताचे शास्त्रीय मूल्यमापन होणे ही दुसरी. या दुसऱ्या बाबतीत आपल्याकडील लेखन अद्याप प्राथमिक अवस्थेतच आहे.

या विषयावरील भारतीय लेखनाचा साचा ठरून गेला आहे. वीस-तीस रुग्ण घ्यावयाचे, नीर यांच्या १९७० च्या वर्गीकरणानुसार त्यांची विभागणी करावयाची, सहा महिन्यांनी वा वर्षाने कॉन्स्टंट गुणांक काढावयाचा, आणि बहुसंख्यांत फलित उत्तम असल्याचा निष्कर्ष नोंदवावयाचा. शस्त्रक्रियेविना, केवळ गळ्यातील झोळी व व्यायाम यांवर ठेवलेल्या रुग्णांचा गट तुलनेस बहुधा नसतो. हाड तर झोळीतही जुळते! तेव्हा बऱ्या झालेल्या खांद्याचे श्रेय पट्टीस किती व निसर्गास किती, या मूळ प्रश्नाला अशा लेखनात उत्तरच नसते.

तो प्रश्न इंग्लंडातील संशोधकांनी ‘प्रॉफर’ या चाचणीत सरळ विचारला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३२ रुग्णालयांतील २५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांना लॉकिंग पट्टीच बसविलेली होती. दोन वर्षांच्या अवधीत दोन्ही गटांच्या गुणांकांत अर्थपूर्ण अंतर आढळले नाही. पट्टीच्या पुरस्कर्त्यांना हा निर्णय अप्रिय वाटला, तरी चाचणीची रचना भक्कम होती, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि हा निर्णय जसाच्या तसा उचलून पाथर्डी वा श्रीगोंद्याच्या रुग्णास लावणे युक्त नाही. प्रॉफरमधील रुग्णांचे सरासरी वय सहासष्टच्या आसपास असून तीनचतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. म्हणजे मुख्यतः घरात वा रस्त्यात पडलेली, ठिसूळ हाडांची माणसे. मोटारसायकलवरून फेकला गेलेला तिशीचा तरुण हा वेगळा रुग्ण आहे. शिवाय दुखापतीपासून तीन आठवड्यांच्या आत आलेलेच रुग्ण तीत घेतले होते. हाडवैद्याच्या पट्ट्या बांधून महिन्या-दीड महिन्याने रुग्णालयाची पायरी चढणाऱ्याविषयी ती चाचणी काहीच सांगत नाही.

याहून मार्मिक आक्षेप मापनाच्या साधनासंबंधी संभवतो. प्रॉफरने ऑक्सफर्ड खांदा-गुणांक वापरला. त्यातील बारा प्रश्नांत काटा व सुरी एकाच वेळी वापरता येते काय, अन्नाच्या ताटलीसह ट्रे खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेता येतो काय, कपाटात कपडे टांगता येतात काय, असे प्रश्न आहेत. इंग्लंडात ते रास्तच होत. पण ऊसतोडीची मोळी डोक्यावर उचलणे, वेणी घालणे, भाकरी थापणे, गाईची धार काढणे यांचा अंदाज त्यांतून कसा यावा? कॉन्स्टंट गुणांकाचे शंभरांपैकी चाळीस गुण सांध्याच्या हालचालीस व पंचवीस जोरास आहेत. दैनंदिन व्यवहारास वीसच. तोही कामाचा प्रकार विचारीत नाही. कोयता चालविणारा हात आणि लेखणी चालविणारा हात त्याच्या लेखी समानच. परकीय मापाने माणूस मोजल्यास मापात बसेल तेवढाच तो दिसतो.

पट्टीच्या यांत्रिक बाजूविषयी मात्र ज्ञान बरेच स्थिर झाले आहे. लॉकिंग पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीतच आट्यांनी घट्ट बसते, म्हणून सच्छिद्र हाडातही तिची पकड टिकते. हा दावा खरा, पण अपुरा. हाडाच्या आतल्या बाजूचा आधार नाहीसा झालेला असल्यास भुजास्थीचे शीर्ष हळूहळू खाली कलते व स्क्रूंची टोके सांध्यात घुसतात. गार्डनर व सहकाऱ्यांनी २००७ साली या आधाराचे महत्त्व दाखविले. ज्युडकाम्प व सहकाऱ्यांच्या २००९ च्या पाहणीत वर्षभर पाठपुरावा झालेल्या १५५ रुग्णांपैकी ५२ जणांना मिळून ६२ उपद्रव झाले. त्यांपैकी २५ उपद्रवांचे मूळ शस्त्रक्रियेच्या तंत्रातच होते, आणि ते टेबलावरच घडून गेलेले होते. यास्तव आपल्या प्रबंधिकांनी ‘उत्तम’ व ‘साधारण’ अशी रकान्यांची गणना करण्याऐवजी आतला आधार जुळला होता की नाही हे प्रत्येक रुग्णाबाबत नोंदविले असते, तर वीस रुग्णांतूनही काही शिकता आले असते.

त्याच पाहणीत आरंभी १८७ रुग्ण होते. वर्षअखेर १५५ उरले. युरोपात ही स्थिती, तर क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, हंगामाबरोबर गाव सोडणाऱ्या मजुरांत काय होत असेल, याचा विचार लेखनात क्वचितच दिसतो. ‘पाठपुराव्यास अनुपलब्ध’ एवढ्या शब्दांत त्यांची बोळवण होते. याच जिल्ह्यात जामखेड येथे आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण देऊन दाखविले. अशा स्त्रीला हात किती वर जातो, रात्री खांदा दुखून जाग येते काय, बाई पुन्हा भाकरी थापू लागली काय, हे घरी जाऊन टिपणे अवघड नाही. तसे केल्यास न परतलेल्यांतील कोण बरा होऊन कामास लागला आणि कोणाला अन्यत्र जाऊन पट्टी काढून घ्यावी लागली, हे प्रथमच कळेल.