निधनवार्ता आणि समाज

मराठी दैनिकांतील स्थानिक निधनवार्तेस वाङ्मय कोणी म्हणत नाही. परंतु समाजाचे अंतरंग इतक्या प्रांजळपणे दाखविणारे लेखन विरळाच. मृताचा स्वभाव तीत बहुधा ‘मनमिळाऊ’ असतो आणि ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांमागून मुले, सुना, जावई, नातवंडे यांची गणती येते. या साचेबंदपणास आम्ही हसणार नाही. मनुष्य गेला म्हणजे एक घर उणे होते, ही जाणीव त्यात आहे. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे वारले, तेव्हा टिळकांनी मतभेद बाजूस ठेवून ‘केसरी’त त्यांच्या कार्याचे मोल सांगितले. तशी लेखणी सर्वांच्या वाट्यास येत नाही. तथापि पुरुषाचा हुद्दा जेथे आवर्जून छापला जातो, तेथे स्त्री पुष्कळदा अमक्याची मातोश्री एवढीच उरावी, हे आम्हांस खटकते. तिने जन्मभर काय केले, याचे एक वाक्य तिलाही मिळावे.