गाण्यात सांगायचे काय?

मराठी चर्चमध्ये आज वाद्यांची वानवा नाही. पेटी-तबल्याच्या जोडीला कीबोर्ड आला, ड्रम आले, शब्द दाखवणारा पडदा आला. शहरी मंडळ्यांतली ‘वर्शिप’ची गाणी मात्र सलग तासभर ऐकून पाहावीत. देव महान आहे, मी त्याचा आहे, त्याने मला उचलून धरावे; चार ओळी आणि त्यांची आठ-दहा आवर्तने. ज्याची ही स्तुती चालली आहे तो जकातदारांच्या पंगतीला बसला, त्यापायी त्याने बोल खाल्ले आणि शेवटी त्याला वधस्तंभावर मारले, याचा गाण्यावरून पत्ता लागत नाही.

जुन्या मंडळींचा राग ड्रमवर असतो. मला तो पटत नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करत, तेव्हा अमेरिकन मिशनऱ्यांच्या कानांना ती रीत नवीच होती. पण कीर्तनात कथा होती, निरूपण होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला शास्त्र कळायचे ते या गायनातून. त्याआधी कितीतरी वर्षे, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच ओळखले होते. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. त्यांच्या जागी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ दिले. त्यात उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी हकिकत आहे आणि चर्चमधून ती गायली जात असे.

नारायण वामन टिळकांचे काम याहून अवघड. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणे आणि ते त्याच्या रचनेत दिसते. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात मोठा वाटा टिळकांचा आहे. त्यांच्या पदांत ‘मी’ भरपूर आहे, आजच्या गाण्यांपेक्षा कमी नाही. पण तो ‘मी’ स्वतःची झडती घेतो. त्याला पाप ठाऊक आहे, क्षमा कशाच्या मोलाने मिळाली तेही ठाऊक आहे आणि शेजारी, देश यांच्याविषयीचे कर्तव्यही तो टाळत नाही. अभंगाची चौकट छोटी. तीत भरताड चालत नाही, म्हणून प्रत्येक चरणाला काहीतरी सांगावेच लागते.

म्हणून जुने ते सगळे सोने असेही नाही. त्याच संग्रहात इंग्रजी चालींवर बेतलेली पदे आहेत. त्यांत मराठी शब्द अशा ठिकाणी तोडलेला असतो की गाणाऱ्यालाच अर्थ लागू नये. त्यांतली शिकवण निर्दोष असेल, पण गाणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही. ही पदे आपण श्रद्धेने, निम्मी पुटपुटत गातो.

वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये परिस्थिती थोडी निराळी दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली आणि प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद अशा प्रत्येक टप्प्याला गीत लागू लागले. गीताची जागा आणि काम ठरलेले असले की कवीला मोघम राहता येत नाही. चाली सगळ्याच उतरतात असे नाही. पण अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबद्दल बोलणे भागच पडते.

नव्या गीतांतली सर्वांत मोठी उणीव विलापाची आहे. स्तोत्रसंहितेत ‘देवा, तू कुठे आहेस’ असे विचारणारी स्तोत्रे कितीतरी. नगर जिल्ह्यातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास दुष्काळ आणि अस्पृश्यता यांतून आलेला. त्यांच्या गाण्यात रडायला जागा नसावी हे विचित्र आहे. सगळीकडे विजय आणि आशीर्वाद. आजारपण, कर्ज, गेलेली नोकरी घेऊन बाकावर बसलेल्या माणसाने काय गावे? दफनविधीला तर मंडळी आजही बहुधा जुन्या पुस्तकाकडेच वळतात. नव्या गाण्यांत त्या प्रसंगाला पुरेल असे फारसे सापडत नाही.

नवे कवी नाहीत असे नव्हे, त्यांना संपादक नाही. टिळक स्वतः ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते, शब्दावर हात फिरवण्याची त्यांना सवय होती. आता चाल सुचली की गाणे सरळ यूट्यूबवर जाते आणि तिथून रविवारच्या उपासनेत. प्रवचनाचा मजकूर पाळक आठवडाभर तपासतात. गायकवृंदाची यादी त्यांच्या हाती बहुधा शनिवारी रात्री पडते आणि तीतही फक्त गाण्यांची पहिली ओळ आणि सूर लिहिलेला असतो.