चौकटीबाहेरचे आवाज

अमेरिकेतील अकादमी पुरस्कारांच्या, म्हणजेच ऑस्करच्या, १० मार्च २०२४ रोजी झालेल्या ९६व्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नामांकने होती आणि ‘ओपनहायमर’ने या पुरस्कारासह एकूण सात पुरस्कार पटकावले. ‘बार्बी’ची कल्पकता किंवा ‘द होल्डओव्हर्स’चा जिव्हाळा नाकारण्याचे कारण नाही, परंतु या दहांतील ज्या चार चित्रपटांकडे पुन्हापुन्हा वळावेसे वाटते, त्यांचे बळ ध्वनीच्या वापरात आहे. जे दाखवणे अशक्य किंवा अनुचित, ते त्यांनी प्रेक्षकाच्या कानांवर सोपवले, मात्र चौघांनाही ते सारखे साधलेले नाही.

जोनाथन ग्लेझर यांच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये ऑशविट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस आणि त्याची पत्नी हेडविग छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात मुलाबाळांसह संसार करतात, बाग फुलवतात, आणि भिंतीपलीकडचा संहार चित्रपटभर एकदाही दिसत नाही. तो कळतो पडद्याबाहेरच्या ध्वनीतून, म्हणजे ज्याचा उगम चौकटीत दिसत नाही अशा आवाजांतून: गोळ्या, आरोळ्या, कुत्र्यांचे भुंकणे आणि भट्ट्यांची अखंड घरघर. कैद्याकडून हिसकावलेला फरचा कोट हेडविग आरशासमोर घालून पाहते, त्याच्या खिशात सापडलेली लिपस्टिक ओठांना लावून बघते, आणि या सगळ्यात तिच्या चेहऱ्यावर अपराधाची पुसटशी रेषाही उमटत नाही, कारण ते आवाज तिला आता ऐकूच येत नाहीत. पाहुणी आलेली तिची आई मात्र रात्री खिडकीतून भट्टीचा उजेड पाहते आणि कोणाला न सांगता निघून जाते. टार्न विलर्स आणि जॉनी बर्न यांना मिळालेला ध्वनीचा पुरस्कार सर्वस्वी योग्य होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही खरे तर याच चित्रपटाचा होता.

जुस्टिन त्रिए यांच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये हेच तत्त्व न्यायालयात येते. पतीच्या मृत्यूबद्दल आरोपी ठरलेल्या लेखिकेच्या खटल्यात त्या दोघांच्या भांडणाचे ध्वनिमुद्रण ऐकवले जाते. भांडण आधी प्रत्यक्ष दिसते, पण ते हातघाईवर येताच दृश्य न्यायालयात परतते आणि उरतात केवळ आदळआपटीचे आवाज. कोणी कोणाला मारले हे न्यायाधीशांइतकेच प्रेक्षकालाही दिसत नाही, आणि निर्णायक साक्ष देणारा मुलगा अंशतः अंध आहे, ही योजना त्यामुळे विलक्षण अर्थपूर्ण ठरते.

‘ओपनहायमर’मध्ये क्रिस्टोफर नोलन यांनी १६ जुलै १९४५ च्या अणुचाचणीचा लोळ आधी जवळजवळ नि:शब्द दाखवला आणि स्फोटाचा कडकडाट मागाहून आणला, प्रकाश आधी पोहोचतो व ध्वनी नंतर, या भौतिक नियमाचे हे रूपांतर थरारक आहे. हिरोशिमावरील अणुहल्ल्यानंतर नायक ओपनहायमर जे भाषण करतो, त्यात श्रोत्यांचा जल्लोष विरतो आणि एक किंकाळी उरते, तेव्हाही दिग्दर्शकाची पकड सुटत नाही. तरीही ती किंकाळी नायकाच्या मनातली आहे, जपानमधल्या माणसांची नाही. ध्वनी येथे बळींचा पुरावा न होता नायकाच्या अस्वस्थतेचा अलंकार होतो आणि जवळजवळ अखंड वाजणारे पार्श्वसंगीत त्या अस्वस्थतेलाही श्वास घेऊ देत नाही.

मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ला दहा नामांकने मिळूनही एकही पुरस्कार मिळाला नाही, हे खटकणारे आहे. तेलामुळे श्रीमंत झालेल्या ओसेज या आदिवासी समाजातील हत्यांची ही कथा अखेरीस रेडिओच्या कार्यक्रमात येऊन पोहोचते, जिथे कलाकार साध्या वस्तूंनी आवाज काढून गुन्ह्याची करमणूक करतात आणि मॉली या ओसेज स्त्रीची मृत्युवार्ता स्वतः स्कोर्सेसी वाचतात. इतरांच्या यातनांचा आपणही खेळ केला, ही जाणीव त्या शेवटात प्रांजळपणे उमटते; पण लिली ग्लॅडस्टोन यांनी संयमाने उभी केलेली मॉली उत्तरार्धात बराच काळ आजारपणात अंथरुणाला खिळते, कथा तिच्या नवऱ्याच्या मागे जाते, आणि ज्या आवाजाचा सर्वाधिक अधिकार होता तोच सर्वांत कमी ऐकू येतो.