गिरणीतली काळी खोली

आमच्या हिंगोलीत यंदाच्या पावसाळ्यापासून एक वाद चालू आहे. गावाच्या कडेला एक जीन कित्येक वर्षे बंद पडून आहे. रेचे कधीच भंगारात गेले. उरल्या आहेत त्या दगडी भिंती, वरचे पत्रे आणि आत कबुतरे. मालकांच्या वारसांनी ही जागा कशाला तरी लावावी असे ठरवले, आणि गावात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, मंगल कार्यालय करा. लग्ने होतच राहणार. दुसरा पक्ष पाच-सात पोरांचा. ही मुले दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात, तालमी कुणाच्या तरी गच्चीवर करतात आणि पावसाने तालीम बुडाली की माझ्या ओसरीवर येऊन चहा पितात. त्यांना तिथे दीडशे माणसांचे नाट्यगृह हवे आहे. वारसांनी त्यांना सांगितले, "काकांना विचारा. ते नाटकांवर लिहितात. ते हो म्हणाले तर बघू."

आता माझी पंचाईत अशी, की नाटकांवर मी पुष्कळ लिहिले असले तरी कारखान्याचे नाट्यगृह झालेले पाहिले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीवर मत देणे हा समीक्षकाचा जुना हक्क आहे. पण इथे एका कुटुंबाच्या भाड्याचा आणि पाच-सात पोरांच्या उमेदीचा प्रश्न होता. म्हणून मी मुंबईला पुतणीकडे गेलो.

तिने मला महालक्ष्मीला नेले. शक्ती मिल्सच्या गल्लीत लक्ष्मी मिल्सचे आवार आहे, आणि त्या आवारातल्या एका जुन्या वखारीत २०१५ पासून 'जी५ए' नावाची संस्था चालते. नाव ऐकून मला वाटले, एखाद्या औषधाचे असावे. "काका, तो गाळ्याचा नंबर आहे," पुतणी म्हणाली. मला ते आवडले. वास्तुविशारद अनुराधा पारिख यांनी उभी केलेली ही जागा आपला जुना पत्ताच नाव म्हणून मिरवते, एखाद्या देवाचे किंवा देणगीदाराचे नाही.

आत गेलो, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की इथे रंगमंचच नाही. पडदा नाही, झालर नाही, नारळ फोडायला उंबरठासुद्धा नाही. काळी खोली. नाटकवाले तिला ब्लॅक बॉक्स म्हणतात. खुर्च्या कुठे मांडायच्या हे प्रयोगागणिक ठरते. त्या संध्याकाळी प्रेक्षक दोन बाजूंना समोरासमोर बसले होते आणि मधल्या पट्ट्यात नाटक. नाटकाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे बोलणे त्या नाटकाविषयी नाही, खोलीविषयी आहे. आणि एका प्रयोगावरून तीन होतकरू नटांचा निकाल लावण्याची मला घाई नाही.

पण एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नटी कांदा चिरत बसली होती. खरा कांदा, खरी विळी. माझ्यापासून चार हातांवर. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि आमच्या रांगेतल्या तिघाचौघांनी रुमाल काढले. मोठ्या नाट्यगृहात हा क्षण निव्वळ अभिनयाचा झाला असता. बाराव्या रांगेला कांद्याचा वास जात नाही. तिथे नटीला रडावे लागते आणि आपल्याला ते मानावे लागते. इथे मला कळेना की ती रडते आहे ती भूमिकेमुळे की कांद्यामुळे, आणि मी का रडतो आहे हे तर त्याहून कळेना. जवळिकीची नाटके लिहिणाऱ्या-बसवणाऱ्यांना हा मोह सदैव असणार. खरा कांदा आणला, खरी चहाची किटली उकळली, की खरेपणा आपोआप येतो असे वाटू लागते. तो तसा येत नाही. त्याच नाटकात पुढे दुसरा एक नट, म्हातारा बाप, मुलीचे बोलणे ऐकून काहीच करत नाही. फक्त एकदा आवंढा गिळतो. तो आवंढा मी पाहिला. चार हातांवरून पाहिला. आयुष्यभर पाहिलेल्या नाटकांत नटाच्या गळ्याची हालचाल मला कधी दिसली नव्हती. लहान खोलीचे देणे म्हणजे हा आवंढा, कांदा नव्हे.

आमच्याकडच्या नटांना हे पचायला वेळ लागेल. आमचा नट मैदानाकडे तोंड करून वाढलेला. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना; रामलीला मैदानावर माणसांचा समुद्र लोटतो आणि तिथे राम बोलला तर शेवटच्या भेळवाल्याला ऐकू गेले पाहिजे. त्या आवाजाची मला थट्टा करायची नाही. त्या आवाजाचे एक शास्त्र आहे. पण तोच आवाज काळ्या खोलीत आणला तर प्रेक्षक खुर्चीसकट मागे सरकेल.

जवळ बसून ऐकण्याची परंपरा आपल्याला परकी आहे असेही नाही. नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. कीर्तनकार आणि श्रोता यांच्यात अंतर ते किती? टाळकरी तर त्याच्या पाठीशीच उभे. औंढ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे: नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करा म्हणून सांगितले, आणि नागनाथाचे देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागच्या बाजूला का, याचे उत्तर आजही हेच मिळते. ज्याला मागे ढकलले त्याच्याकडे इमारतीने तोंड वळवावे, ही कल्पना आमच्या भागात शेकडो वर्षे नांदते आहे, आणि त्या काळ्या खोलीत बसल्या बसल्या मला राहून राहून तीच आठवत होती. कारण मध्यंतरात दिवे लागले आणि समोरच्या रांगांतले चेहरे मला नीट दिसले. सुशिक्षित, रसिक, शांत चेहरे, माझाही त्यातलाच. मी उगाच शोधू लागलो, की यांत गिरणगावातले कुणी असेल का.

मुंबईच्या गिरण्यांचा शेवट सर्वांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परत जायला गिरणी उरली नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम फक्त रिकाम्या जमिनीपुरता करण्यात आला, तेव्हा पहिले दोन वाटे आकसले. बाकीचे मनोरे बोलतात.

पण गिरणीबरोबर एक रंगभूमीही गेली, तिची मोजदाद कुणी फारशी करत नाही. गिरणगावाला नाटक बाहेरून आणावे लागत नव्हते. परळला दामोदर नाट्यगृह १९२२ पासून होते. कामगारांनी तिथे रात्री-रात्री नाटके केली, पाळी संपवून तालमीला आले. लालबागेत हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर चाळींच्या चौकांत उभे राहत, आणि जिन्यांवर, कठड्यांवर माणसे लोंबकळत. सारी जवळिकीचीच रंगभूमी! फक्त तिला काळा रंग दिलेला नव्हता. दामोदर २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ मध्ये आले ते संपात होरपळलेल्या घराचे नाटक; पण ते झाले ते पडदा असलेल्या नाट्यगृहात. गिरणीच्या भिंतींआत अशा घराचे नाटक, आणि समोर अशाच घरातली माणसे, हा योग आला तर मी हिंगोलीहून पुन्हा जाईन.

हा त्या वखारीचा दोष म्हणून मी सांगत नाही. एका संस्थेने पडीक गाळा नाटकासाठी राखला, नाहीतर तिथेही एखादे चकचकीत उपाहारगृह आले असते. जगभर हेच चालले आहे. लंडनचे डॉनमार वेअरहाऊस ही पूर्वी केळी पिकवण्याची वखार होती, हे मी आमच्या पोरांना सांगितले तेव्हा वसमतकडचा एक जण म्हणाला, "मग आपल्याकडे नाट्यगृहांना तोटा नाही!" पॅरिसजवळ १९७० पासून आरियान मनुश्किन यांची मंडळी दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्यात नाटके करतात. इमारत मोठ्या मनाची असते; तिला काय करायला लावाल ते करते. अडचण असते ती तिच्या दारात.

आणि दार कसे उघडे ठेवायचे याचा धडाही मुंबईतच आहे. १९७४ च्या सुमारास 'आविष्कार'च्या अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह घेतले. ती वखारही नव्हती आणि काळीही नव्हती. पण पंधरा-सोळा वर्षे मराठीतले बहुतेक नवे नाटक त्या एका खोलीतून गेले. मी त्या जागेवर भाबडे प्रेम करणाऱ्यांपैकी नाही; तिथलेही प्रेक्षक पुष्कळदा एकमेकांना ओळखणारेच असत. तरी एक होते. ती शाळा होती. तिथे यायला कुणाला कपड्यांचा विचार करावा लागत नसे.

हिंगोलीला परतलो आणि पोरांबरोबर जीनमध्ये गेलो. बरोबर एक म्हातारी आली, वाटेत भेटली म्हणून. तिने उमेदीची वर्षे याच जीनमध्ये काढलेली. इथे बायका डोक्यावरून कापूस आणून रेच्यांवर टाकत. खाली रुई एकीकडे, सरकी एकीकडे. पोरांनी तिला "आजी, इथं नाटक करायचंय" म्हणून सांगितले. तिने खोली डोळ्यांनी मापली आणि पट्टा कुठून कुठे फिरत असे ते हाताने दाखवले. "तिथं कुणी उभं ऱ्हात नव्हतं," ती म्हणाली. "पट्टा सुटला की माणूस जायचा." एक पोरगा नेमका तिथेच उभा होता, तो आपसूक बाजूला झाला. पट्टा निघून कितीतरी वर्षे झाली होती.

मी वारसांना 'हो' कळवले आहे. पण पोरांना दोन गोष्टी सांगून. पहिला प्रयोग कुठल्याही स्पर्धेच्या नाटकाचा करायचा नाही, आणि पुढच्या दोन रांगा जीनवर काम केलेल्यांना, बिनतिकिटाच्या. तिकीट किती हे त्यांनी ठरवावे. मुख्य अडचण पत्र्याची आहे. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस पडू लागला की आवंढा तर सोडाच, आरोळीही ऐकू येणार नाही. आणि मे महिन्यात आत भट्टी. पत्र्याखाली गवताचे तट्टे बांधावेत आणि भिंतींना गोधड्या लावाव्यात असे मी सुचवले, कारण कापूस आवाज पितो. रुईने भरलेल्या खोलीत हाक मारली तर ती तोंडापुढेच विरते, हे जीनवाल्या कुणालाही विचारा. म्हातारीने जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या देऊ केल्या आहेत. सुताराचा आणि तट्टेवाल्याचा हिशेब दिवाळीनंतर यायचा आहे.