चित्रपटगृहाचे जतन : वास्तू की व्यवहार?

जुन्या चित्रपटगृहांविषयीच्या कलाकृतींत स्मरणरंजनाचा सूर सहज लागतो. जुझेप्पे तोर्नातोरे यांच्या ‘सिनेमा पॅरादिसो’ (१९८८) या चित्रपटात सिसिलीतील एका गावाचे चित्रपटगृह वाहनतळासाठी पाडले जाते आणि तो ध्वंस नायकाच्या बालपणाचाच अंत ठरतो. पुण्यात हे रूपक वास्तवात उतरलेले दिसते. १९१५ साली सुरू झालेले ‘आर्यन’ १९८३ मध्ये बंद झाले. मंडईजवळच्या वाहनतळाला आज त्याचे केवळ नाव उरले आहे.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट मात्र या स्मरणरंजनामागील वास्तुनिष्ठ धारणेलाच छेद देतो. महाराष्ट्रातील जत्रांमधला तंबू-सिनेमा मुक्काम हलताच मोकळे मैदान तेवढे मागे ठेवतो. जेथे भिंतच नाही, तेथे जीर्णोद्धार कशाचा करावयाचा? याचे उत्तर यंत्रे दुरुस्त करणाऱ्या प्रकाश या कारागिराच्या व्यक्तिरेखेतून सूचित होते. डिजिटल तंत्राने जुनी यंत्रे निकामी ठरत असताना तो स्वतःच्या कल्पनेतील प्रक्षेपक घडवितो. परंपरा येथे वस्तूत नव्हे, कौशल्यात टिकते.

तथापि या माहितीपटातील प्रेक्षक मुख्यतः विस्मित चेहऱ्यांच्या रूपानेच समोर येतो. त्याचे म्हणणे फारसे ऐकू येत नाही. ही उणीव जतनाच्या चर्चेतही आढळते. दर्शनी भाग राखून आत दुकाने थाटल्यास इमारत वाचेल. परंतु अनोळखी माणसांनी अंधारात एकत्र बसण्याचा सार्वजनिक व्यवहार त्यामुळे वाचेलच असे नाही.